नकुशीचं व्याख्यान

"आप्पा, ही नम्रता कोन?" नकुशीनं विचारलं.

देवळासमोरच्या फ्लेक्सवर फोटो तिचाच होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'व्याख्यात्या : सौ. नम्रताताई'. केंदूरच्या व्याख्यानमालेचे अध्यक्ष बबनराव आप्पा माइकची वायर ओढत होते. ते उगाचच खाकरले.

"तूच की. पाव्हणं पार दौंडपासनं आल्यात. त्यांच्यापुढं नकुशी म्हनून कसं पुकारायचं?"

"मंग भाषन बी नम्रतालाच सांगा. मी ऐकत बसते."

"ऐन टायमाला खोडा घालू नगंस बाई!" बबनरावांनी आवाज खाली आणला. "माझं डोकं न्हाई ते. तुझी आई आलती. हात जोडून म्हनली, तेवढं नाव लिवू नका."

नकुशीनं पुन्हा एकदा फ्लेक्सकडे बघितलं.

तीन मुलींच्या पाठीवर चौथीही मुलगीच झाली, तेव्हा आजीनं बारशाला तिचं नाव नकुशी ठेवलं. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. देवानं आजीचं काही ऐकलं नाही, नाव मात्र मुलीला चिकटलं. शाळेत पोरं चिडवायची, शिक्रापूरच्या कारखान्यात सुपरवायझर हसायचा. ती वर्षानुवर्षं रडली. मग पाळ्या सांभाळत बाहेरून बी.ए.ला बसली, तत्त्वज्ञान घेतलं आणि दोन हजार वर्षांपूर्वीची ती ग्रीक-रोमन माणसं भेटल्यावर रडायची थांबली. आज त्यांच्याविषयीच बोलायचं होतं, आणि तेही खोट्या नावानं! पण खरं नाव घ्यावं, तर चारचौघांत आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई, कुशाबाई, सगळ्या बायकांच्या मागं खांबाला टेकून बसली होती. लेकीकडे बघत नव्हती.

बबनरावांनी नम्रताताईंना पुकारलं. नकुशी उठली.

"झेनो नावाचा यापारी व्हता," तिनं सुरुवात केली. "जहाज बुडालं, मालाचं पानी झालं. अथेन्सला आला आन् रंगवलेल्या ओसरीवर लोकांला शिकवाया लागला. तिथली लोकं ओसरीला स्टोआ म्हनायची, म्हनून हे स्टोइक. म्हंजी आपले ओसरीवाले!"

लोक खळखळून हसले. मग दरबारातला श्रीमंत सेनेका आला, साथ आणि लढाया चालू असताना मन ताळ्यावर ठेवणारा सम्राट मार्कस ऑरेलियस आला. सगळ्यांचं सांगणं एकच, की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. हातातलं नीट करावं, बाकीच्यासाठी जीव जाळू नये.

"पाऊस हातात न्हाई, पेरनी नीट करनं हातात हाय," ती म्हणाली, तशा म्हाताऱ्यांच्या माना डोलल्या.

शेवटी ती एपिक्टेटसपाशी आली. "ह्यो गुलाम. पायानं लंगडा. त्याच्या नावाचा अर्थच मुळी विकत आनलेला. आईबापानं काय ठेवलं व्हतं, कुनाला ठाऊक न्हाई. पुढं सुटका झाली, मोठा गुरू झाला, सम्राटानं त्याची शिकवन डोक्यावर घेतली. तरी नाव त्येच ऱ्हायलं."

तिनं घोटभर पाणी घेतलं.

"माझं नाव नम्रता न्हाई. नकुशी हाय."

कुजबुज उठली. कुशाबाईनं पदर तोंडाला लावला.

"आये, इकडं बघ. नाव ठेवनं तुझ्या हातात नव्हतं, ते आजीनं ठेवलं. मला जगवनं तुझ्या हातात व्हतं. मेंढरांमागं मला पाठीला बांधून हिंडलीस. सोता उपाशी ऱ्हायलीस, मला ठेवलं न्हाईस. तुझ्या हातातलं तू समदं केलंस."

कुजबुज विरली आणि टाळ्या सुरू झाल्या. पाहुणेसुद्धा उठून उभे राहिले. शाल द्यायला बबनरावांनी कुशाबाईलाच पुढं बोलावलं. ती हळूहळू आली. बबनराव गडबडीत माइकवर म्हणाले, "आता नम्रताताईंचा सत्कार..."

"कुनाचा?" शाल हातात धरून कुशाबाई थांबली. "बबनराव, माझ्या लेकीचं नाव नीट घ्या की."

बबनरावांनी जीभ चावली. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल असं पुकारलं, "नकुशी!"

कुशाबाईनं लेकीच्या खांद्यांवर शाल घातली, दोन्ही पदर सारखे केले आणि गावाकडे तोंड करून तिच्या शेजारी उभी राहिली.