खिसा कुठे शिवायचा ते मला विचारा

मी आरसा बोलतोय. खरं सांगायचं तर बोलतोय कमी आणि जळतोय जास्त. आरशाला चौकट असते, काच असते, पाठीला मुलामा असतो, पण पोट नसतं असं लोकांना वाटतं. पोट नसतं तर माझ्या पोटात इतकं दुखलं असतं का?

हे दुखणं जन्मापासूनचं आहे. एका मोठ्या काचेतून आम्ही पाच भावंडं कापली गेलो. पाठीवर मुलामा चढला, सुताराने चौकटी बसवल्या आणि कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाकडे आमची रवानगी झाली. टेम्पोतून उतरवताना हमालाचा हात निसटला आणि माझा खालचा कोपरा उडाला. चौघं आत गेली, झगमगत्या दिव्यांत, जिथे माणसं नवे कपडे घालून स्वतःवरच खूष होतात. मी फुटपाथवर राहिलो. तिथून मला मावशीने उचललं. "कोपराच गेलाय ना? पावलं बघायला कोण येतंय माझ्याकडे!" असं म्हणत तिने भरपूर घासाघीस केली आणि मला हातगाडीवर घालून दुकानात आणलं.

मावशी म्हणजे एप्रनवाली मावशी. ती एका भाचीची सख्खी मावशी आणि उरलेल्या गल्लीची मानलेली. तिचं दुकान म्हणजे बोळासारखी अरुंद खोली. दाराशी कापड कापायचं टेबल, पुढे शिलाई मशीन, आणि मधल्या भिंतीवर खिडकीशेजारी मी. ती फ्रॉक शिवत नाही, ब्लाउज शिवत नाही. फक्त कामाचे एप्रन शिवते. सुताराचे, न्हाव्याचे, भट्टीवाल्याचे, नळ दुरुस्त करणाऱ्याचे.

तिची पद्धत जगावेगळी होती. गिऱ्हाईक आलं की ती आधी माप घ्यायचीच नाही. कोऱ्या कापडाचा एप्रन त्याच्या गळ्यात अडकवायची, माझ्यासमोर उभं करायची आणि म्हणायची, "आता काम करून दाखवा."

गिऱ्हाईक लाजायचं. "इथं? नुसत्या हवेत?"

"हवेतच. खिशाचा विचार करायचा नाही. कामाचा करायचा. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही."

मग न्हावी नसलेल्या खुर्चीभोवती फिरायचा. भट्टीवाला नसलेलं पीठ मळायचा. नळवाला तर सरळ जमिनीवर उताणा झोपायचा आणि माझ्या फुटक्या कोपऱ्यातून मला त्याचं फक्त टक्कल दिसायचं. मावशी त्यांच्याकडे बघायचीच नाही. माझ्याकडे बघायची. माझ्यात त्यांचा हात आपोआप जिथे जायचा, तिथे जाऊन खडूने खूण करायची. खिसा तिथे. एक बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. ज्याने तिचा एप्रन एकदा घातला, तो त्या काळी दुसऱ्या दाराला जायचा नाही.

आता मला सांगा, त्या चार भावंडांपैकी कुणाच्या नशिबी हे होतं? त्यांच्यापुढे लोक पोट आत घेऊन उभे राहतात. माझ्यापुढे लोक काम करायचे. मी मनातल्या मनात त्यांच्यावर मात केली होती. थोडी.

पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. गल्लीच्या तोंडाशी तयार एप्रनचं दुकान निघालं. एकाच मापाचे, पोटावर एकच मोठा खिसा, कांगारूसारखा. स्वस्त होते. हळूहळू न्हाव्याचा मुलगा तिकडे वळला, मग भट्टीवाला. शेजारचा रंगारी काका मावशीची कापडं रंगवायचा, त्याच्या दोरीवर पूर्वी एप्रनच्या कापडांची रांग वाळायची. आता तिथे त्याची स्वतःची लुंगी एकटीच डोलायची. पट्ट्यांना पितळी कड्या लावून देणारा समोरचा कडीवालाही माश्या मारत बसला.

"सहा महिने बघते," मावशी एकदा रंगारी काकाला म्हणाली. "नाहीतर कारखान्यात कामाला जाते. तिथं बायका घेतायत. दिवसभर कांगारूचा खिसा शिवायचा."

"आणि दुकान?"

"कुलूप. हा आरसा तुला देते, दाढीला होईल."

दाढीला! माझ्या अंगावर काटा आला. ज्याने शंभर धंदे पाहिले, त्याने रंगारी काकाचे गाल बघत म्हातारं व्हायचं?

अशा वेळी छोट्या धंद्यांना मदत करणाऱ्या केंद्रातल्या बाई आल्या. मोठा चष्मा, पायात चालून झिजलेल्या चपला. त्यांनी मावशीचे एप्रन उलटे करून शिलाई पाहिली, खिशात हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या मालात खोट नाही. तुमचं गिऱ्हाईक या गल्लीत नाही, एवढंच. ते बाहेर आहे. त्याला दाखवा, ते येईल."

"ते कशाला येईल एवढ्या लांब?"

"ते येणार नाही. त्याची ऑर्डर येईल."

भाची आनंदाने उडालीच. कॉलेज संपवून घरी बसून कंटाळली होती बिचारी. दोन दिवसांत तिने कुठून तरी एक पुतळा पैदा केला. मुंडकं नाही, हात नाहीत, एका पायाच्या दांड्यावर उभा. आणि त्याला माझ्यासमोरच ठेवला! मावशीचे ठेवणीतले एप्रन त्याच्या अंगावर चढू लागले. भाची फोन घेऊन त्याच्याभोवती नाचायची. "मावशी, काय फिट बसतोय बघ ह्याला!" बसेल नाही तर काय? ज्याला हातच नाहीत त्याच्या खिशाची तक्रार कोण करणार? माझ्या अंगाची लाही लाही होत होती. पाठमोरा उभा असायचा मेला, मला दिवसभर त्याची पाठ बघायला लागायची.

फोटो भाचीच्या फोनवरून जगभर गेले. कुणी फिरकलं नाही. मला अगदी बरं वाटलं.

चष्मेवाल्या बाई पुन्हा आल्या, फोटो पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अहो, कामाचा एप्रन ना हा? मग तो कामाच्या माणसाच्या अंगावर दाखवा. हात खिशात जाताना दिसू दे."

"मावशी, तू उभी राहा," भाची म्हणाली.

पुतळा कोपऱ्यात गेला आणि न्हाव्याचा एप्रन मावशीने घातला. कात्रीचा खिसा उजवीकडे. पण खोली पडली बोळासारखी. भाची भिंतीला पाठ लावून उभी राहिली तरी फोनमध्ये मावशीचं अर्धंच अंग मावायचं. "बाहेर चल," ती म्हणाली.

"रस्त्यात उभी राहून फोटो काढायला मी काय नटी आहे? रंगारी जन्मभर चिडवेल."

तेव्हा भाचीचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्यात मावशी डोक्यापासून पायापर्यंत उभी होती. खिडकीचा उजेड तिच्या अंगावर, हात खिशात जाता जाता थांबलेला, चेहऱ्यावर थोडी लाज, थोडा रुबाब. भाचीने बाजूला सरकून माझाच फोटो घेतला आणि फोटोतली माझी चौकट कापून टाकली.

चौकट कापली याचं वाईट वाटलं, पण असो. मी पुतळ्याच्या पाठीकडे बघून म्हटलं, बघितलंस? शेवटी कुणाला विचारलं?

आणि ऑर्डर आली. लांबच्या शहरातल्या एका सोफे बनवणाऱ्याची, त्याच्या सगळ्या कारागिरांसाठी. "फोटोत आहे तसाच पाहिजे. अगदी तसाच," त्याने फोनवर दोनदा सांगितलं. मावशीने खुर्चीवर बसून घेतलं. मग उठून रंगारी काकाला हाक मारली, कडीवाल्याला हाक मारली, घरी बसलेल्या दोन शेजारणींना हाताशी घेतलं. रंगारी काकाच्या दोरीवर पुन्हा रांग लागली. गल्लीत कितीतरी दिवसांनी लोक एकमेकांवर "जागा अडवू नका" म्हणून ओरडू लागले. मी चौकटीत मावत नव्हतो. हे सगळं माझ्यामुळे!

माल गेला आणि सगळाच्या सगळा परत आला.

खोकी दाराशी उतरली. सोफेवाल्याचा फोन आला. "ताई, तुम्ही फसवलंत. आमच्या माणसाच्या उजव्या हातात हातोडी असते. खिळा काढतो तो डाव्या हाताने. फोटोत तुमचा डावा हात डाव्या खिशात होता, म्हणून तर घेतले. तुम्ही खिसा उजवीकडे शिवून पाठवलात."

"मी उजवीकडेच शिवते," मावशी म्हणाली. "आजवर डावीकडे कधी शिवलाच नाही हा खिसा."

भाचीने फोटो उघडला. खिसा डावीकडे. दोघी फोटोकडे बघतात, एप्रनकडे बघतात, पुन्हा फोटोकडे. मग मावशीने एप्रन चढवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उजवा हात खिशात घातला, आणि माझ्यातल्या मावशीने डावा घातला.

"अगं बाई," ती म्हणाली. "तू आरशातला फोटो काढलास."

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच हमालाच्या हातून निसटून मालावर पडलो. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. अहो, मी जन्मापासून उजव्याचं डावंच दाखवतोय! मला कुणी विचारलं होतं? तो हात नसलेला पुतळा मात्र कोपऱ्यात सज्जनासारखा उभा. त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

"झालं," मावशी म्हणाली. "उद्या कारखान्यात विचारून येते."

भाची रडवेली झाली. "मावशी, उसवून डावीकडे शिवू. फोटोतल्यासारखं."

मावशीने खिशाच्या शिलाईवरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाली, "नको. फोटो काय सांगतो ते नको मला. त्याला फोन लाव, तोंड दिसतं तो. आणि तो फोन कुठंतरी उंच ठेव, मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत."

आणि भाचीने तो फोन ठेवला कुठे? माझ्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, खिळा ठोकून! माझ्याच डोक्यावर, माझ्याच लाकडात. आयत्या बिळावर नागोबा.

फोनमध्ये सोफेवाल्याचा रागावलेला चेहरा आला. मावशीने नमस्कार केला आणि म्हणाली, "दादा, चूक आमची. माल आम्ही दुरुस्त करून पाठवतो. पण आधी एक करा. तुमच्या एका माणसाला काम करून दाखवायला सांगा. फोनकडे पाठ करून, म्हणजे त्याचा उजवा तो माझा उजवा."

तिकडे थोडं हसणं झालं. मग एक कारागीर पाठमोरा उभा राहिला. मला तो दिसत नव्हता. मला फक्त मावशी दिसत होती. ती वर फोनकडे बघायची आणि तो करेल तसं माझ्यासमोर करायची. हातोडी उगारली. वाकली. मग डावा गुडघा जमिनीला टेकवून बसली, सोफ्याच्या खालच्या अंगाला खिळे ठोकतात तशी, आणि तिचा डावा हात खिळ्यासाठी मागे गेला. कमरेला नाही. कमरेवर तर एप्रनची घडी पडली होती, तिथे बोटसुद्धा शिरलं नसतं. हात गेला मांडीच्या बाहेरच्या बाजूला.

मावशीने माझ्यात पाहिलं. बसल्या जागी खडू घेतला आणि मांडीवर रेघ ओढली.

"दादा," ती म्हणाली, "फोटोतल्यासारखा डावीकडे शिवला असता तरी तुम्ही शिव्याच दिल्या असत्या. तुमचे खिळे कमरेला नाही, मांडीला पाहिजेत."

मग सोफेवाल्याचा आवाज आला, एकदम वेगळा. "ताई, हे आम्हालाच कधी कळलं नव्हतं हो."

खिसे उसवून डाव्या मांडीवर शिवले. उजवीकडे नव्या कापडावर सुईची भोकं राहिली, ती झाकायला मावशीने तिथे एक पट्टा शिवला आणि त्यात हातोडी अडकवायची सोय केली. माल पुन्हा गेला. या वेळी खोकी परत आली नाहीत. आली ती सोफेवाल्याच्या साडूची ऑर्डर, मग साडूच्या ओळखीच्या कुंभाराची, मग कुठल्याशा मधमाश्या पाळणाऱ्याची.

आता दुकानात दोन मशिनं आहेत. दुसऱ्या मशीनवर त्या दोन शेजारणी पाळीपाळीने बसतात. रंगारी काकाने आणखी एक दोरी बांधली आणि लुंगी वाळवायला घरामागे हलवली. कडीवाला सारखा कुरकुरतो की कड्या पुरत नाहीत. मावशी कारखान्याचं नावसुद्धा काढत नाही. रोज सकाळी फोन लागतो आणि ती तिचं तेच वाक्य बोलते, "फोनकडे पाठ करा, आणि काम करून दाखवा."

मग मी खूष असायला हवं, नाही का? नाही. त्या फोनचा मला अजून राग येतो. जगभरची माणसं तो बघतो, आणि माझ्या वाट्याला फक्त मावशी. ती माझ्यासमोर कधी कुंभार होते, कधी माळी, कधी मधमाश्यांना घाबरून हात झटकते आणि स्वतःच हसते. तिच्या गुडघ्यांतून आता आवाज येतो. मी तिच्यात त्या लोकांना बघून घेतो. खरे लोक माझ्यासमोर कधी येणार नाहीत, हे मला आता कळलंय.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे, लांबच्या गिऱ्हाइकांनो. खोकं उघडाल तेव्हा एप्रन घाईने खुंटीला अडकवू नका. अंगात घाला. तुमच्या घरातल्या आरशासमोर जरा उभे राहा आणि खिशाचा विचार न करता काम करा. तुमचा हात आपोआप खिशात जाईल, तेव्हा तो आरसा ते बघेल. खडूची खूण मी पाहिली, कच्चे टाके मी पाहिले, मावशीचे दुखरे गुडघे मी पाहिले. ते सगळं ज्याच्यासाठी केलं, ते एवढंसं मात्र तुमच्या त्या आरशाला दिसेल. एक ओरखडासुद्धा न उमटता, आयतं.

मेला नशिबाचा.