वाचनालयातला आवाज

मेडशीच्या धम्मरत्नने केनवडच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्राम फुकटात करून दिला होता. वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती. प्रोग्रामच्या ‘आवश्यक’ यादीत जे-जे असेल ते कॉम्प्युटर नेटवरून स्वतःच उतरवून घेत असे, ‘ऐच्छिक’ यादीतलं मागितलं तरच. धम्मरत्नने हौसेनं त्यात बोलणारा आवाजही घातला आणि ‘आवश्यक’च्या यादीत टाकला.

पहिल्याच दिवशी माणिकराव पुस्तक परत करायला आले. आवाज भर वाचनालयात म्हणाला, “माणिकराव, अकरा दिवस उशीर.” माणिकराव पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेले. ग्रंथपाल वैजयंतीताईंनी तो आवाज काढून टाकला. कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यांनी ‘हो’ दाबलं. आवाजाबरोबर सगळा प्रोग्रामच गेला.

त्यांनी फोन लावला. “धम्मरत्न, मी आवाज काढला, तं तुझा प्रोग्राम बी गेला. असा कसा रे?”

“ताई, आवाज आवश्यक हाय. तो गेला की प्रोग्राम राहत नाही. नोंदी मात्र शाबूत हायेत.”

“आवश्यक कायले? बोलाले मी आहो ना.”

धम्मरत्नला राग आला. त्याने बसून यादी दुरुस्त केली, आणि रागाच्या भरात सगळंच ‘ऐच्छिक’मध्ये ढकललं. ताईंच्या मोबाइलच्या नेटवर प्रोग्राम मिनिटात उतरला. फक्त तो उघडेना. ज्यात नोंदी ठेवायच्या तो डेटाबेसही ऐच्छिक झाला होता, आणि मोबाइलचं नेट वाचवायला ताईंनी ऐच्छिक काहीच घेतलं नव्हतं.

आता फोनवर भागणार नव्हतं. मालेगावला बस बदलून तो केनवडला आला. ताईंनी चहा पुढे केला. त्याने डेटाबेस आवश्यकमध्ये घेतला, आवाज आणि छपाई ऐच्छिकमध्ये ठेवली. प्रोग्राम उघडला, जुन्या नोंदी दिसल्या.

“आता काय काढलं तं चालते, काय नाही, ते मराठीत लिहून ठेव,” ताई म्हणाल्या. “मले इंग्रजीत ‘हो’ म्हणाची सवय झाली हाय.”

त्याने तिथंच बसून लिहिलं. ताईंनी चष्मा लावून वाचलं, ‘आवश्यक’चा ‘श’ आणि ‘ऐच्छिक’चा ‘छ’ लाल पेनाने दुरुस्त केला, आणि कागद परत त्याच्या हातात दिला.

“पुन्हा लिही. पाचची बस जाऊ दे, सहाची हाय.”