धाकट्या भावोजींची चौकशी

दलदलीतून जाणारी बोट संध्याकाळनंतर पुढे जात नाही. पाणी उतरतं, बोट चिखलात बसते, आणि एकदा बसली की उठायची वेळ तीच ठरवते. त्यामुळे पलीकडे जाणाऱ्याला वाटेत एक मुक्काम करावाच लागतो. मुक्कामाला खानावळी दोन, समोरासमोर. मधलं पाणी दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाच्या रंगाचं. डास दोन्हीकडे सारखेच, पण मगर एकाच खानावळीकडे होती, म्हणून मी आणि बायको तिथे उतरलो.

खानावळ लाकडी खांबांवर उभी होती. जमिनीच्या फळ्यांत इतक्या फटी की बायकोने आल्याआल्याच केसांचा चाप पाण्याला अर्पण केला.

"काढायला जाऊ नका," मालकीणबाई म्हणाल्या. "खाली धाकटे भावोजी असतात."

धाकटे भावोजी म्हणजे मगर.

"नर आहे की मादी?" बायकोने विचारलं.

"बघायला कोण जातंय? पण जेवायच्या वेळेला बरोबर हजर, आणि कामाचं नाव काढलं की पाण्याखाली. म्हणून भावोजी."

खरे भावोजी, म्हणजे मालकीणबाईंचे दीर, शेजारीच बसून बोटीचा दोर वळत होते. "वहिनी, मी ऐकतोय," ते म्हणाले.

"ऐकायलाच बोलले."

पाण्याकडच्या सज्जाच्या कठड्याला एक लोखंडी बत्ता दोरीने टांगलेला होता. रोज संध्याकाळी मालकीणबाई तो कठड्यावर आपटत. मग पाण्यातला एक ओंडका हलायचा, ओंडक्याला डोळे फुटायचे, आणि तो पायऱ्यांशी येऊन तोंड उघडायचा. त्यात माशांची डोकी पडायची. पाहुणे फोटो काढायचे आणि परतीच्या वाटेवर पुन्हा इथेच उतरायचे.

आज मात्र बत्ता गप्प होता, कारण आमच्याच बोटीतून जंगल खात्याचे साहेब आले होते. तक्रार समोरच्या खानावळीची. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात; समोरच्याने ते थेट मगरीशी धरलं होतं. नियम साधा होता: मगर माणसाला सरावलेली निघाली, तर तिला उचलून दूरच्या धरणात सोडायचं.

"धरणात एकटं कसं व्हायचं त्यांचं?" मालकीणबाईंनी स्वयंपाकघरात आम्हाला हळूच सांगितलं. "आणि आम्ही तरी लोकांना काय दाखवायचं? मोठ्या भावोजींना? आज कृपा करून कुणी काही आपटू नका."

आम्ही आजारी माणसाच्या घरात वावरावं तसे वावरू लागलो. दारं हलकेच लावली. दीर खोकायला मागच्या बाजूला जात होते.

जेवण सज्जातच होतं. कमळाच्या देठांची भाजी, तळलेले बारके मासे, आणि वाफवलेले खेकडे. खेकडे आजच्या दिवशी टाळायला हवे होते, पण साहेब बोटीतून उतरले तेच खेकड्यांची चौकशी करत. शेवटी दिरांनी ते रजईत गुंडाळून आतल्या खोलीत फोडले.

"घरात कोण कोण?" साहेबांनी जेवता जेवता विचारलं.

"मी, हे मोठे भावोजी, आणि धाकटे."

"धाकटे काय करतात?"

"पाण्यातच असतात," दीर म्हणाले.

"पाणीपुरवठ्यात? वा! कायम आहेत?"

"ते आज तुमच्या हातात आहे," असं मालकीणबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी भाजी वाढली.

साहेबांनी मग आम्हाला कायदा समजावला. "वन्य प्राण्याला एक घास जरी घातला तरी गुन्हा. मग घालणारा कुणी का असेना. माझा सख्खा भाऊ असला तरी सोडणार नाही." मग ताटाकडे पाहून म्हणाले, "हा खेकडा फोडलेला का? फोडलेल्यातला रस जातो. मला अख्खा द्या. मी माझा फोडतो."

"फोडायला काही नाही हो घरात," मालकीणबाई म्हणाल्या.

"हे दातांनी फोडून देतील," बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. संसारात इतकी वर्षं काढल्यावर माणूस माणसाला अशा कामांसाठी पुढे करतो.

"छे, छे. हा काय बत्ता इथेच!" साहेब म्हणाले. त्यांनी खेकडा कठड्यावर ठेवला आणि बत्ता आपटला. मन लावून आपटला.

पाण्यातला ओंडका हलला.

धाकटे भावोजी आज नेहमीपेक्षा लगबगीने आले. बत्ता वाजला तरी पायऱ्यांवर काहीच पडेना, म्हणून ते पायऱ्या चढून सज्जात आले आणि साहेबांसमोर तोंड उघडून थांबले. साहेब बाकावर चढले होते. हातात खेकडा होता. तो त्यांनी फेकला. अंगावर फेकला असं ते म्हणू शकले असते, पण तो नेमका तोंडात गेला. धाकट्या भावोजींनी तो कवचासकट चावला. बत्त्याची त्यांना गरज पडली नाही. अजून काही मिळतं का हे थोडा वेळ पाहून ते परत पाण्यात उतरले.

मग बायको कौतुकाने म्हणाली, "साहेबांच्या हातचं खाल्लं हो त्यांनी!"

साहेब बाकावरून उतरले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

सकाळी बोटीजवळ त्यांनी निकाल दिला. "प्राणी हिंस्र आहे. माणसाला अजिबात सरावलेला नाही. हलवायचं कारण नाही. मात्र तशी पाटी लावा. माझ्यासमोर लावा."

"आणि बत्ता?" मालकीणबाईंनी विचारलं.

"कुठला बत्ता?" साहेब म्हणाले.

मालकीणबाईंनी त्यांच्या हातात वाटेसाठी डबा दिला. काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. वासावरून कळत होतं. आम्ही तिघे बोटीत बसलो. दिरांनी फळीवर कोळशाने लिहिलं, 'सावधान. मगर माणसाला सरावलेली नाही', आणि हातोडी घेऊन ती पायऱ्यांजवळच्या खांबाला ठोकू लागले. ठोक, ठोक, ठोक.

बोटीशेजारचा ओंडका हलला.

पाटीखालच्या पायरीवर हनुवटी टेकवून धाकट्या भावोजींनी तोंड उघडलं आणि वाट पाहू लागले. साहेबांनी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला, मान वळवली आणि पलीकडच्या काठावरच्या एका बगळ्याचं फार बारकाईने निरीक्षण सुरू केलं.