पाचव्या ओळीची पानं

अर्धा तास झाला, बसचा पत्ता नाही. नवा रायपूरचे रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आन् गाड्या त्या सगळ्या साहेब लोकांच्या. जुन्या शहरातल्या चौबे कॉलनीतून रोज इथवर यायचं, तीन वर्षं झाली. थकली बाप्पा मी. आन् काम काय, तर ऑलिव्हची पानं मोजून राहिली.

आपल्या इकडच्या उकाड्यात ऑलिव्हले फळ धरत नाही, म्हणून आमच्या संस्थेनं पानं धरली. पाच जातींच्या पाच ओळी लावल्या. पानं तोडायची, वाळवायची, दळायची, आन् अंगाले गुणकारी ते कडू घटक, अँटिऑक्सिडंट म्हणतात ते, कोणत्या जातीत जास्त हे मशीनवर पाहायचं. पहिल्या चार जाती यथातथाच. पाचवी मात्र दर वेळी दुपटीनं पुढं. यशोधन सर माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण साहेब. ते खुश होते. अहवालात शिफारस लिहून तयार होती, चार ओळी उपटा आन् सगळीकडं पाचवीच लावा. त्या जोरावर पुढची तीन वर्षं मंजूर होणार होती, आन् माझी नोकरीही. मार्चमध्ये माझा करार संपत होता. सेहेचाळिसाव्या वर्षी मले नवीन कोण ठेवणार?

अहवाल सोमवारी जायचा होता. शुक्रवारी शेवटची तोडणी, म्हणून मी पहिल्यांदाच तोडणीले स्वतः गेली. एरवी शेजारच्या गावची शांता एकटी तोडते. दुपारी ऊन सोसवत नाही, म्हणून चारनंतर. पिशव्यांवरची लेबलं मी आधीच टेबलावर बसून लिहून द्यायची. पाचांवर एकच तारीख, एकच वेळ. तेवढंच एका दमात काम उरकायचं.

शांतानं चार ओळी तोडल्या, पिशव्या बांधल्या. तोवर गावात दिवे लागले. पाचव्या ओळीपुढं ती कात्री मांडीवर ठेवून खाली बसली.

"अवं, ही राहिली न," मी म्हटलं.

"संझा होगे दीदी. पेड़ सुतगे हे."

झाड झोपलं म्हणे. दिवेलागणीनंतर पानाले हात लावायचा नाही. माझी आईही तुळशीले लावू देत नसे, मी तिले काय तोंड वर करून सांगू?

"मग ही कधी तोडतं?"

"बिहनिया," ती म्हणाली. सकाळी.

"पहिल्यापासून?"

"हव."

वाळवायचं मशीन लागायचं सकाळी. चार जातींची पानं रात्रभर बंद पिशवीत घामेजून काळी पडायची. पाचवीची सकाळी तुटून तासाभरात ताजी ताजी वाळवायच्या मशीनमध्ये जायची. त्यात जास्त काहीच नव्हतं. ती फक्त शिळी नव्हती. आन् लेबलं माझ्या हातची. रडू आलं मले तिथंच. शांताले वाटलं, तिचं काही चुकलं. तिचं काय चुकलं? तीन वर्षांत मीच तिले एकदा विचारलं नाही.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही दोघींनी पाचही ओळी तोडल्या आन् लगेच वाळवायले टाकल्या. सोमवारी सकाळी मशीननं आकडे दिले. पहिल्या चारही जाती पाचवीच्या बरोबरीनं.

सरांनी कागद दोनदा पाहिला. "दीदी, ये आज ही पता चलना था?" मग दार लोटून हळूच म्हणाले, "अभी किसी ने पूछा तो नहीं है."

खोटं काहून बोलू, शनिवारी बसमध्ये मलेही हेच वाटलं होतं. कोण पाहते? पण त्या अहवालावर भरवसा ठेवून कोणी चांगली झाडं उपटली असती, आन् मी घरी बसून पगार खाल्ला असता. ते मले गिळवलं नसतं. मी अहवालाले पान जोडलं की तोडणी न पाहताच लेबलं लिहिली, चूक माझी, आन् खाली वनमाला म्हणून सही केली. शांताचं नाव कुठंच टाकलं नाही.

"फिर नया क्या मिला हमको?" सर म्हणाले. "किस बात पे मंजूरी मांगूँ?"

मी अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवला.

चार वाजता शेतावर गेली. शांताले सांगितलं की पाचवी पहिली आली नाही, सगळ्या सारख्याच निघाल्या. ती ओळींकडं पाहून हसली.

"तब तो पांचों बने हे न, दीदी?"

पाचही चांगल्या. एवढ्या दिवसांत आमच्यापैकी कोणाच्या तोंडून हे निघालं नव्हतं.

"हव," मी म्हटलं.

ती नळी ओढत पहिल्या ओळीपाशी गेली. मार्चनंतर त्यायले पाणी कोण घालन, कोणाले माहीत, पण आज मी तिच्या मागं नळीचा वेढा सोडवत गेली.