दुसऱ्याच्या मागावरची तार

सिद्रामने सीमाभागातल्या वडगावच्या विणकाम केंद्रात अकरा वर्षे शिकवले, आणि अकरावे वर्ष संपता संपता केंद्राच्या लक्षात आले की त्याला विणकाम येते याचा कागदोपत्री कोणताही पुरावा नाही.

"अण्णा, तुम्हाला येतंय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक हाय," केंद्राचा सेक्रेटरी यल्लाप्पा अजिजीने म्हणाला. "पर ग्रँट देणाऱ्या हापिसाला न्हाय की ठाऊक. आता नियमच आलाय. शिकवणाऱ्याकडं सर्टिफिकेट पायजे. जूनच्या आत परीक्षा द्या, पास व्हा, कागद आणून द्या. संपलं."

"आणि न्हाय झालो तर?"

"तुम्ही?" यल्लाप्पा मोठ्याने हसला. हे हसणे म्हणजे उत्तर नव्हे, हे घरी पोहोचल्यावर सिद्रामच्या ध्यानात आले.

वयाची चौपन्न वर्षे आणि शाळेच्या सात इयत्ता, एवढी त्याची शिदोरी. बायको बायाक्का मात्र निपाणीची, एसएसएलसी, म्हणजे दहावी पास. तीस वर्षांच्या संसारात या पास होण्याचा उपयोग तिला भांडणाखेरीज कुठे झाला नव्हता. आता तो झाला. चाकावर कांड्या भरता भरता ती मांडीवर प्रश्नांचे पुस्तक उघडून बसू लागली. समोर मागावर सिद्राम.

"मागाचे मुख्य भाग किती?"

"कुठल्या मागाचे?"

"पुस्तकात कुठला म्हणून न्हाय. नुस्तं मागाचे."

"असं कसं गं? हातमागाचं येगळं, पावरलूमचं येगळं."

"पाच. पाच म्हणा आणि फुडं चला. जादा सांगिटलासा तर मार्क कापतील." तिने पान उलटले. "ताणा सैल पडल्याचं कसं वळखाल?"

"आवाजावरनं."

"चूक. ताणमापकानं."

"ते काय असतंय?"

"मला काय ठाऊक? मी एसएसएलसी हाय, इंजिनेर न्हवं."

असे दोन महिने गेले. उत्तर लिहायला बसताना आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट आधी बाजूला ठेवावी लागते, ही विद्या सिद्रामने हळूहळू आत्मसात केली. लेखी पेपरात त्याला शंभरात एकसष्ट गुण मिळाले, तेव्हा बायाक्काने गल्लीत साखर वाटली. प्रात्यक्षिक अजून बाकी होते; पण सिद्रामच्या प्रात्यक्षिकाची काळजी करणे हे शेजारणींनाही हास्यास्पद वाटले असते.

प्रात्यक्षिक पिरनवाडीच्या बाजूला एका संस्थेत होते. पत्र्याच्या लांब शेडमध्ये बारा पावरलूम, आणि प्रत्येकापुढे छातीवर नंबर लावलेला एक उमेदवार. सिद्रामच्या शेजारी कडोलीचा शिवराज उभा होता. शेतकऱ्याचा मुलगा, बी.ए., वय सव्वीस.

"विणायला कुठं शिकलास रं?" सिद्रामने विचारले.

"शिकलो म्हंजे तीन महिन्याचा कोर्स केलाय, काका. त्यातला दीड महिना करंट नव्हता." शिवराज ओशाळून हसला. "ही माझी चौथी परीक्षा. टायपिंग झालं, कॉम्प्युटर झालं, शिवण झालं. धा ठिकाणी अर्ज केल्यात. कुठला तरी एक कागद कुठं तरी चालंल की."

परीक्षक कुमार सर तरुण होते; वस्त्रतंत्रातली पदवी घेऊन नुकतेच नोकरीला लागलेले. त्यांनी सूचना सांगितली ती अशी: अर्धा तास विणायचे, मधे ते येऊन प्रत्येकाच्या ताण्यातली, म्हणजे उभ्या सुतांतली, एक तार तोडतील, ती शोधून सांधायची. सांधणीला दहा गुण.

माग सुरू झाले. शेड थरारली आणि सिद्रामला एकदम घरी आल्यासारखे वाटले. कुमार सर मागाच्या पाठीमागून छोटी कात्री घेऊन गेले. त्यांनी तार तोडली, आणि ते पुढच्या मागापाशी पोहोचण्याआधी सिद्रामने माग थांबवून, गाठ मारून, पुन्हा सुरूही केला होता. मग त्याची नजर शेजारी गेली.

शिवराजच्या मागावर तार तुटून लोंबत होती, आणि शिवराज भलत्याच बाजूला ती शोधत होता. माग चालूच होता. कापडात दोऱ्याएवढी फट उठू लागली होती.

वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांत एक रीत आहे. कुणाच्याही शेडमधून जाताना तुटलेली तार दिसली, की जाणाऱ्याने ती सांधायची. मालकाला हाक मारायची नाही, नंतर सांगायचेही नाही. सांगितले तर तो उपकार होतो. ज्यांच्यात जमिनीवरून कोर्टकज्जा चालू आहे असे दोन भाऊसुद्धा एकमेकांच्या मागावर एवढे करतात. तुटकी तार पाहून पुढे गेलेल्या माणसाविषयी मात्र गल्लीत बरीच वर्षे बोलले जाते.

सिद्रामचा हात गेला. शिवराजचा माग थांबला, गाठ बसली, माग पुन्हा सुरू झाला. परत वळून त्याने स्वतःचा धोटा पाहिला, आणि मगच त्याला समोर उभे असलेले कुमार सर दिसले.

बाहेर व्हरांड्यात सरांनी कन्नडात विचारले आणि सिद्रामने कन्नडातच उत्तर दिले. भाषेमुळे काही बिघडले असे कोणालाही म्हणता येणार नव्हते.

"दुसऱ्याच्या मागाला हात का लावलात?"

"तार तुटली होती."

"ती मी तोडली होती. तो प्रश्न होता. तुम्ही त्याचं उत्तर दिलंत." कुमार सरांनी घाम पुसला. कापडाची जात जाणणाऱ्या माणसाला सिद्रामचे कापड कळले नव्हते असे नाही. "हे बघा, मला गैरप्रकार म्हणून नोंद करावी लागेल. त्याने मागितलं म्हणून दिलंत, तर दोघेही बाद. पण 'नजरचुकीने हात गेला' असं लिहून द्या. माझाच माग समजून, वगैरे. मग मी समज देऊन सोडतो. एक ओळ लिहा फक्त."

त्यांनी कागद पुढे केला. सिद्रामने पेन घेतले. केंद्रातल्या सोळा मागांवर त्याने लावून दिलेले ताणे होते, आणि त्यांच्यापुढे अजून हात न बसलेल्या मुली. जूनला फार दिवस उरले नव्हते. एक ओळ लिहायची होती, एवढेच.

पण नजरचुकीने गाठ मारली, असे विणकर कसे लिहील? नजर चुकली असती, तर तार दिसलीच नसती. त्याने मराठीत, सातवीच्या वळणदार अक्षरात लिहिले: 'तार तुटलेली दिसली म्हणून सांधली. शेजारच्या मुलाने मागितले नव्हते. त्याला ठाऊकही नाही.'

कुमार सरांनी ते अडखळत वाचले, पुन्हा वाचले. "म्हणजे तो सुटला," ते म्हणाले, "आणि तुम्ही अडकलात."

"व्हय," सिद्राम म्हणाला.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. सिद्राम नापास. शिवराज पहिल्या वर्गात पास. सांधणीला दहापैकी दहा, आणि शेरा: 'गाठ उत्कृष्ट.' कारण गुण कापडाला द्यायचे होते, आणि कापडात खरोखरच दोष नव्हता. केंद्राने सिद्रामच्या जागेची जाहिरात दिली. आलेल्या अर्जांत सर्टिफिकेट आणि पदवी दोन्ही असलेला उमेदवार एकच निघाला.

एका गुरुवारी दुपारी यल्लाप्पा सिद्रामच्या घरी आला तेव्हा त्याच्यामागे शिवराज होता, हातात कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन. तो उंबऱ्यातच थांबला.

"काका, मी न्हाय घेणार ही नोकरी," तो म्हणाला. "ती गाठ तुमची, हे शेरा वाचल्यावर कळलं. मला ती येत न्हाय. त्या पोरींनी विचारलं तर काय दाखवू?"

 राग आणायचा सिद्रामने दोन-तीनदा प्रयत्न केला होता. पण या मुलाकडे पाहून तो टिकेना.

"तू न्हाय म्हणालास तर दुसरा कोण तरी येईल," तो म्हणाला. "त्याला पण गाठ यायची न्हाय, आणि येत न्हाय हे त्याला ठाऊक पण नसंल. तूच जा."

"तेच मी सांगायलोय कवाधरनं!" यल्लाप्पाला हायसे वाटले. त्याने खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. "आणि अण्णा, तुमचं पण जमवलंय. मदतनीसाची जागा हाय. सातवी पास चालतंय. शिवराज सरांच्या हाताखाली."

आतून चाकाचा आवाज थांबला. बायाक्का दारात येऊन उभी राहिली.  

"ताणे कुठवर आल्यात?" त्याने विचारले.

"सहा माग बंद पडल्यात. पोरी नुस्त्या बसून असतात."

सिद्रामने मान हलवली. "दे फॉर्म."

"तुमची सही झाली की खाली शिक्षकाचा दाखला लागतोय," यल्लाप्पा म्हणाला आणि त्याने पेन शिवराजच्या हाती दिले. "लिहा सर. 'उमेदवारास विणकामाचे प्राथमिक ज्ञान असल्याची मी खात्री करून घेतली आहे.'"

शिवराजचा चेहरा लाल झाला. "मी लिहू? काकांना? निदान 'उत्तम ज्ञान' तरी लिहू द्या."

"नको नको. उत्तम लिहिलासा तर जागेपेक्षा जादा पात्र म्हणून फॉर्म परत येतोय. मागं शिपायाच्या जागेला असंच झालतं."

"लिही रं," सिद्राम म्हणाला. "खोटं काय हाय त्यात? प्राथमिक पण येतंयच की मला."

शिवराजने लिहिले. खाली सही केली. यल्लाप्पाने फुंकर मारून फॉर्मची घडी केली.

"डबा उघडा आता," बायाक्का म्हणाली. "घरात कोण तरी पास झालंय न्हवं?"

कुंदा खाऊन झाल्यावर सिद्रामने शिवराजला मागाच्या खोलीत नेले. सोमवारी शिवराजला केंद्रात रुजू व्हायचे होते; मधे तीन दिवस होते. तुटक्या सुताचे दोन पदर त्याने त्याच्या बोटांत दिले.

"बस. गाठ म्हंजे काय, कशी मारायची, पुस्तकात काय लिवलंय ते आधी सांगू?"

"नको, काका," शिवराज खाली बघत म्हणाला. "ते मला पाठ हाय."