धाकट्या नॉकवरची वही

नोटबुर्गाची नात सातव्या महिन्यातच जन्मली आणि इस्पितळात काचेच्या पेटीत पडून राहिली, तेव्हा नोटबुर्गानं नवस बोलला होता. बारा वर्षं, दर फेब्रुवारीच्या दुसऱ्या तारखेला, मेणबत्त्यांच्या सणाला, चर्चमध्ये आशीर्वाद मिळालेली मेणबत्ती घेऊन थोरला नॉक या डोंगरावर चढायचं आणि शिखरावरच्या क्रुसाखाली ती लावायची. गाव सोडल्यापासून क्रुसापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. निघालाच, तर पुन्हा पहिल्या वर्षापासून मोजायचं.

नात आता बारा वर्षांची झाली होती आणि तिचं तोंड दिवसभर मिटत नसे. नवसाचंही हे शेवटचं वर्ष. नोटबुर्गाच्या गुडघ्यांना अडुसष्ट पूर्ण झाली होती. पुन्हा एकपासून मोजायची त्यांची तयारी नव्हती.

इतकी वर्षं सोबतीला नवरा आलोइस असे. तो एरवीही फारसा बोलत नसे, त्यामुळे वर जाईपर्यंत दोघांना काही वेगळं वाटत नसे. यंदा त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. "एकटी मात्र जायचं नाही," एवढं वचन घेऊन त्यानं मेहुण्याला, कास्परला, पाठवलं. हा नोटबुर्गाचा धाकटा भाऊ. त्याला गप्प बसलेला त्यांच्या आईनंसुद्धा पाहिला नव्हता.

"ताई, तू निवांत चाल," गावाच्या वेशीवर कास्पर म्हणाला. "बोलायचं मी बघतो."

आणि त्यानं बघितलं. शेजाऱ्याच्या गाईपासून स्वतःच्या दाढेपर्यंत सगळं झालं. झाडी संपली तिथं धुकं उतरलं. वाटांची पाटी बर्फात गाडली गेली होती. कास्पर डावीकडे वळला. थोरला नॉक उजवीकडे होता.

नोटबुर्गानं त्याची पिशवी ओढली.

"दमलीस? मग सांगायचं नाही का," तो म्हणाला आणि मग त्यानं जीभ चावली. "बरं, चहा घे."

तिनं काठीनं उजवी दिशा दाखवली.

"हो, दिसले. सशाचे ठसे आहेत."

शेवटी ती हात पसरून त्याची वाट अडवून उभी राहिली. कास्परला भरून आलं. "अगं, मलाही तुझी माया कळते," असं म्हणून त्यानं तिला मिठी मारली, आणि तिला बाजूला सारून डावीकडेच चालू लागला.

एकटीनं जायचं नाही हे वचन होतं. ती निमूट त्याच्यामागून निघाली. वाटेत भावासाठी एकेक शेलका शब्द मनात येई, आणि प्रत्येक शब्दामागे ती मनातच एक 'नमो मरिये'ची प्रार्थना म्हणे. माथ्यावर पोहोचेपर्यंत असे नऊ शब्द झाले होते.

धुक्यातून क्रूस दिसला. "घे, आणला तुला," कास्पर म्हणाला. "आता बोल."

ती गप्पच.

"ताई, बोल ना. झालं की मौन." तो जवळ आला. "तोंड वाकडं झालंय का तुझं? हात वर कर. हस बघू. अरे देवा, आलोइसला मी काय सांगू?" त्यानं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन बाहेर घेतला. "घाबरू नकोस. हेलिकॉप्टर बोलावतो."

नोटबुर्गाच्या ओठांशी शब्द येऊन थांबला. तेवढ्यात तिला क्रुसाखालचा पत्र्याचा डबा दिसला. शिखरावर आलेल्यांनी नाव लिहायची वही त्यात असते. नवस तोंडाचा होता, हाताचा नव्हे, असा तिनं देवाशी घाईघाईनं हिशेब केला आणि पेन्सिल उचलली.

'हा धाकटा नॉक आहे. मी ठणठणीत आहे. माझा भाऊ गाढव आहे.' आणि सवयीनं खाली, सगळेच लिहितात तसं, पूर्ण नाव आणि गाव.

कास्परनं वाचलं. फोन खिशात गेला. "मला वाटलंच होतं," तो हळूच म्हणाला, "आज चढ जरा लहान वाटतोय."

"तू हो पुढे, मी वही नीट ठेवतो," म्हणून तो जरा मागे रेंगाळला. मग थोरल्या नॉकपर्यंत डोंगराच्या धारेवरून तासभर चालताना तो एक अक्षर बोलला नाही. नोटबुर्गाला हे इतकं चमत्कारिक वाटलं, की दोनदा मागे वळून तो आहे ना हे तिनं पाहिलं.

क्रुसाखाली कंदिलाच्या काचेआड मेणबत्ती लागली. तिनं नातीचं नाव मोठ्यानं घेतलं, प्रार्थना केली आणि डोळे पुसले. बारा वर्षं पुरी झाली होती.

कास्पर टोपी काढून बर्फात बसला. "हं, बोल. ऐकतो. मगापासून मनाची तयारी करतोय."

"कास्पर," ती खालच्या आवाजात म्हणाली, "ती वही पलीकडच्या गावची, टालबाखवाल्यांची आहे."

"माहीत आहे."

"त्यांचं आपलं तीन पिढ्यांचं वाकडं. खाली माझं नाव आहे, गावाचं नाव आहे. सणाच्या दिवशी सख्ख्या भावाला गाढव म्हटलं मी. उद्या जाऊन खोडून येऊ."

"आता खोडता नाही येणार."

"का?"

"तू पुढे गेलीस ना, तेव्हा मी खाली सही केली. साक्षीदार म्हणून."

नोटबुर्गा हसायला लागली ती थांबेना. हसता हसता तिनं ठरवलं, ते नऊ शब्द इथंच क्रुसापाशी सोडून द्यायचे. गुडघे दुखत होते, घसा कोरडा पडला होता. ती भावाशेजारी बसली आणि चहा मागितला.

कास्परनं थर्मास उलटा करून दाखवला. धारेवर गप्प राहायचं म्हणून तो सारखा घोट घेत आला होता.

मग नऊपैकी एक शब्द तिला वापरावाच लागला.