शिंजीर बोलत होता

फाल्गुनाची पहाट मिरजेच्या माळावर उतरली ती पांगाऱ्याच्या वाटेने. पर्णहीन, काटेरी, करड्या फांद्यांवर लालभडक तुरे. ओढ्याकाठचा करंज कोवळ्या पालवीने उजळलेला. ओढा आटलेला, क्षीण, रुपेरी. आणि त्या रक्तवर्ण पहाटेत पाखरांची झुंबड.

दिलावरचाचा तंबोरे घडवीत. चाळीस वर्षं त्यांच्या कानशीने तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासली होती, केसभर, अर्धा केस. आणि तारेतून ती झिणझिणती, रेशीमसूक्ष्म आस जागी केली होती. घोडी अशी घासून तार बोलती करणं म्हणजे जवारी; ती काढावी चाचांनीच, असं गवयी म्हणत.

दर फाल्गुनात ते घरामागच्या या ओढ्यावर पाखरं मोजायला येत. लेक मेहरून डोळ्यांनी मोजी, ते कानांनी.

"तांबट," डोळे मिटून ते म्हणाले. उंबराच्या शेंड्यावर टुक, टुक, टुक. "बुलबुल. कोतवाल."

"आणि शिंजीर, अब्बा," वहीवर पेन्सिल टेकवत मेहरून म्हणाली. "किती जोरात बोलतोय!"

चाचांनी डोळे उघडले.

खालच्याच फांदीवर, हाताच्या अंतरावर, तो बसला होता. नीलजांभळा, तेजःपुंज, अंगठ्याएवढा. चोच उघडत होती, मिटत होती. गळ्याची पिसं थरथरत होती.

आवाज नव्हता.

त्यांनी उजवा कान पुढे केला, मग डावा. श्वास कोंडला. तांबट ऐकू येत होता, बुलबुल ऐकू येत होता, दूरच्या गाडीची शिट्टीसुद्धा. तेवढ्या एका जागी मात्र शांतता, काळी, खोल, तळ नसलेली. चोच उघडली. आवाज नव्हता. चोच मिटली, पुन्हा उघडली. आवाज नव्हता.

गेल्याच महिन्यात एक गवई चाचरत म्हणाला होता, "चाचा, आस जरा बोथट वाटते." त्यांनी तारेला दोष दिला होता. शिंजिराचा आवाज आणि तारेची आस, दोन्ही तसेच बारीक, टिपेचे. आणि आज दुपारी धारवाडच्या बाई तंबोरा न्यायला येणार होत्या. जवारी तेवढी राहिली होती.

"लिहू ना, अब्बा?"

एक होकार पुरला असता. तो ओठांपर्यंत आला, तिथे जळत राहिला.

"लिही," ते म्हणाले. "पण मला तो नुसता दिसला, बेटा. ऐकू नाही आला."

पेन्सिल थांबली. "वाऱ्यानं असेल."

करंजाचं पानही हलत नव्हतं.

"आजची जवारी तू काढ."

"मी? तुम्ही घोडीला मला कधी हात लावू दिला नाहीत!"

"नाही दिला. चुकलो."

परतीच्या वाटेवर दोघांच्या पावलांखाली वाळली पानं करकरत राहिली.

कारखान्यात उन्हाची तिरीप तंबोऱ्याच्या भोपळ्यावर चढली तेव्हा मेहरूनच्या हाती कानस होती आणि कपाळावर घाम. तिने घोडी घासली, तार छेडली; भुवया आक्रसल्या. पुन्हा घासली, पुन्हा छेडली. ओठ दातांखाली गेला. कानशीचा एक हात जास्त फिरला, की घोडी वाया. चाचा तारेकडे पाहत नव्हते. ते लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत होते, एकटक, श्वास रोखून.

आणखी अर्धा केस.

तार छेडली. मेहरूनच्या पापण्या आपोआप मिटल्या. कानस हातातून गळाली. कपाळ निवळलं, ओठ विलगले. आणि त्या तरुण, घामेजल्या चेहऱ्यावर ती आस उमलली, पसरली, हळूहळू, हळूहळू विरत गेली. आणि पार विरेपर्यंत चाचा ती पाहत राहिले.